रस्त्यावरचा फायर हायड्रंट: मालकी पाणीखात्याची, गरज अग्निशमन दलाची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या गावात, म्हणजे नगरपरिषदेच्या एका मध्यम गावात, बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानाला आग लागली. बंब लवकर आला, फायरमन पोरांनी जीव तोडून काम केलं, पण टाकी संपली आणि दुसरा बंब भरून येईपर्यंत शेजारची दोन दुकानं गेली. नंतर कळलं की दुकानापासून चाळीसेक पावलांवर मेन लाइनवर हायड्रंट, म्हणजे पाण्याच्या लाइनीतून बंबाला थेट पाणी घ्यायचं तोंड, होता आणि तो कोणालाच आठवला नाही. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे आहे, लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

हायड्रंट म्हणजे तो लाल खांबच ना?

तो एक प्रकार झाला. जमिनीच्या वर खांबासारखा दिसतो तो स्टँडपोस्ट हायड्रंट, भारतीय मानक आयएस ९०८ त्याच्यासाठी आहे. दुसरा जमिनीखालचा, आयएस ९०९. रस्त्यात किंवा फुटपाथमध्ये लोखंडी झाकण असतं, खाली चेंबर, चेंबरमध्ये व्हॉल्व्ह आणि तोंड. फायरमन झाकण उचलतो, त्या तोंडावर स्वतःजवळचा उभा पाइप बसवतो, चावीने व्हॉल्व्ह फिरवतो आणि मग होज, म्हणजे आग विझवायची लांब नळी, जोडतो. आपल्याकडे वाट लागते ती या दुसऱ्या प्रकाराची, कारण डोळ्यांना दिसतं फक्त झाकण, आणि झाकण गेलं की हायड्रंट आहे हेच कोणाला माहीत राहत नाही.

हा हायड्रंट नक्की कोणाच्या मालकीचा असतो?

पाइपलाइन ज्याची, हायड्रंट त्याचा. साधारण सगळीकडे हेच आहे. फायर ब्रिगेड फक्त वापरणारी.

मुंबईत पाणी बघतं जलअभियंता खातं आणि आग बघतं अग्निशमन दल, दोन्ही एकाच महापालिकेची, तरी नोंदीतले दहा हजारांच्या वर हायड्रंट आणि त्यातले बहुतेक बंद ही बातमी वर्षानुवर्षं येतेय. मग जिथे दोन्ही वेगवेगळ्या संस्थांकडे आहे तिथे विचार करा. अमरावती, अंबरनाथ, बदलापूर इथे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं आणि अग्निशमन दल महापालिकेचं किंवा नगरपरिषदेचं. दिल्लीत दिल्ली जल बोर्ड वेगळं, दिल्ली फायर सर्व्हिस वेगळी. बंगळुरूत पाणी मंडळाचं आणि अग्निशमन दल थेट राज्य सरकारचं. इंग्लंडमध्ये तर पाणी खाजगी कंपन्यांचं आहे. एमआयडीसीत मात्र पाणी आणि फायर स्टेशन दोन्ही एमआयडीसीकडेच असतं, त्यामुळे बोलायला एक तरी दार असतं.

मग आग लागल्यावर फायर ब्रिगेडला पाणीखात्याची परवानगी घ्यावी लागते का?

नाही. आग चालू असताना कोणी कोणाला अर्ज करत नाही. देशातल्या बऱ्याच राज्यांच्या अग्निशमन कायद्यांत हे स्पष्ट आहे, उदाहरणार्थ दिल्लीचा २००७ चा कायदा बघा. आगीच्या जागी असलेला अधिकारी पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेला सांगू शकतो की या भागात इतकं प्रेशर द्या, आणि तळं, विहीर, टाकी, खाजगी असो की सरकारी, कुठूनही पाणी उचलू शकतो.

अडचण कागदावरच्या अधिकाराची नाहीच. रात्री अडीच वाजता झाकण कुठे आहे, चावी कोणाकडे आहे आणि लाइनीत पाणी आहे का, या तीन गोष्टींवर सगळं अडतं.

बंबात पाणी असतंच की, हायड्रंट कशाला हवा?

साधा हिशोब करू. बंबाच्या टाकीत समजा साडेचार हजार लिटर पाणी आहे. एका होजच्या नळीतून मिनिटाला साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी जातं असं धरा. दोन नळ्या चालू केल्या की पाच मिनिटांत टाकी रिकामी. पाच मिनिटं! त्यानंतर एक तर दुसरा बंब रांगेत उभा पाहिजे, नाहीतर टँकर, नाहीतर हायड्रंट. टँकरने आग विझत नाही असं माझं म्हणणं नाही, आपल्याकडे नव्वद टक्के वेळा त्यावरच काम चालतं असं कुठलाही फायरमन सांगेल, पण बाजारपेठेच्या बोळात टँकरची ये-जा म्हणजे काय हे ज्याने गर्दीत बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. एक टँकर बाहेर निघाल्याशिवाय दुसरा आत येत नाही, त्यात लोक मोबाइल धरून उभे, त्यात दुचाक्या लावलेल्या.

आमच्याकडे पाणी दिवसातून दोन तास येतं. मग हायड्रंटचा उपयोग काय?

हा सगळ्यात खरा प्रश्न आहे. अमेरिकेतले किंवा इंग्लंडमधले नियम जसेच्या तसे इथे का चालत नाहीत त्याचं कारण हेच. तिथे लाइन चोवीस तास भरलेली असते. आपल्याकडे झोन पाडलेले, प्रत्येक झोनची वेळ ठरलेली, चावीवाला येऊन व्हॉल्व्ह फिरवतो तेव्हा त्या गल्लीत पाणी. मुंबईला सात धरणं-तलावांतून रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं, तरी तिथेही बहुतेक भागांत ठरावीक तासच पुरवठा असतो. आग काही वेळापत्रक बघून लागत नाही, म्हणून वेळेबाहेर हायड्रंट उघडला की आधी हवा येते आणि मग काहीच येत नाही.

आपल्या केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या मॅन्युअलमध्ये याचा विचार केलेला आहे आणि तो मला पटतो. पन्नास हजारांवरच्या गावासाठी आगीचं पाणी किती धरायचं त्याचं एक सूत्र दिलंय, लोकसंख्या हजारांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, शंभरने गुणायचं, उत्तर येतं ते दिवसाला तितके किलोलिटर. म्हणजे एक लाखाच्या गावाला हजार किलोलिटर, दहा लाख लिटर झालं. पंचवीस लाखांच्या शहराला पन्नास लाख लिटर. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. यातलं एक तृतीयांश पाणी गावाच्या नेहमीच्या साठवण टाक्यांमध्ये राखून ठेवावं आणि उरलेलं मोक्याच्या जागी स्थिर टाक्या बांधून तिथे साठवावं असं म्हटलंय. तुमच्या गावात बाजारपेठेजवळ अशी एखादी टाकी आहे का? आमच्याकडे एक आहे, जुनी, तिच्यावर आता भाजीवाले बसतात.

तेव्हा दोन तास पाणी येणाऱ्या गावात मी आधी दोन गोष्टींचा आग्रह धरीन. एक, उंच टाकीच्या पायथ्याशी बंब भरायला मोठं तोंड, कारण टाकीत पाणी कायम असतं. दुसरं, टाकीपासून निघणारी मुख्य लाइन जी व्हॉल्व्हच्या अलीकडे कायम भरलेली राहते, तिच्यावर हायड्रंट. गल्लीबोळातल्या ७५ एमएमच्या लाइनवर हायड्रंट बसवून आकडा वाढवण्यात काही अर्थ नाही.

पाइपच्या साइजने एवढा फरक पडतो का?

फार पडतो. पाइपचा व्यास दुप्पट केला तर बाकी सगळं तेच ठेवून पाणी दुप्पट नाही, जवळपास सहापट जातं. म्हणून ७५ आणि १५० एमएम मध्ये जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय जुन्या बिडाच्या लाइनीत आतून गंज चढलेला असतो, कागदावर १०० एमएम असते आणि आतून त्यापेक्षा बरीच कमी उरलेली असते.

आग चालू असताना पाणीखात्याने नक्की काय करायचं असतं?

थोडक्यात, पाणी त्या दिशेला वळवायचं. शेजारच्या झोनचे व्हॉल्व्ह बंद, आगीच्या झोनचा पूर्ण उघडा, गरज असेल तर पंप चालू. त्यासाठी ज्याला व्हॉल्व्हच्या जागा पाठ आहेत तो चावीवाला प्रत्यक्ष तिथे पाहिजे. नकाशावर व्हॉल्व्ह एका बाजूला आणि रस्त्यावर दुसऱ्या बाजूला असं इतक्या ठिकाणी असतं की माणसाच्या आठवणीला पर्याय नाही.

इंग्लंडमध्ये २००४ च्या अग्निशमन कायद्यात हे कर्तव्य लिहूनच टाकलंय. फायरवाल्यांनी जास्त पाणी आणि प्रेशर मागितलं की पाणी कंपनीने शक्य ते सगळं करायचं, त्यासाठी दुसऱ्या भागाचं पाणी बंद करायलाही तिला मुभा आहे, आणि विनाकारण टाळलं तर गुन्हा. एवढं असूनही लंडनला १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवर ही राहत्या घरांची उंच इमारत जळाली, ७२ माणसं गेली, आणि नंतरच्या चौकशीत पाण्याचा विषयही निघाला. हायड्रंट, फ्लो आणि प्रेशर याबद्दल फायरमनना पुरेशी समज दिलेली नव्हती असं दिसलं. २०२४ च्या अहवालात शिफारस आली की प्रत्येक अग्निशमन दलाने आपल्या पाणी कंपनीबरोबर बोलण्याची पद्धत लिहून ठरवावी आणि ती वेळोवेळी तपासावी. इतक्या श्रीमंत शहरात हे २०२४ मध्ये लिहावं लागलं. म्हणून आपल्याकडे कोणी "आमचं तोंडी ठरलेलं आहे" म्हणालं की मला काळजी वाटते.

पाणीखातं हायड्रंट उघडायला का कुरकुरतं? त्यांना लोकांची काळजी नाही का?

काळजी आहे, आणि त्यांची बाजूही ऐकायला हवी. बंबाचा पंप जोरदार असतो. लाइनीत प्रेशर कमी असताना पंपाने पाणी ओढलं तर पाइपात उलटा ओढा तयार होतो, कुठे जोड गळका असेल, शेजारून गटार जात असेल, तर ते घाण पाणी आत येतं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीला जुलाब. आग विझवायचा फेस (फोम) मिसळलेलं पाणी उलटं लाइनीत शिरण्याची भीती वेगळीच. आणि व्हॉल्व्ह झटकन बंद केला तर पाण्याचा हातोडा बसतो, म्हणजे वाहतं पाणी एकदम अडून पाइपला दणका देतं, जुनी लाइन फुटते. म्हणून शिकवतात की उघडताना आणि बंद करताना हळू, आणि पंपाच्या आत येणाऱ्या प्रेशरच्या काट्यावर लक्ष ठेवा, काटा शून्याकडे जायला लागला की ओढणं कमी करा.

हे सगळं दोन्ही खात्यांच्या लोकांनी एकत्र उभं राहून वर्षातून दोनदा केलं तर भांडणाला जागा उरत नाही. मी एकदाच असं होताना बघितलंय, चावीवाल्याने फायरमनला स्वतःच्या हाताने दाखवलं की किती फेऱ्यांनंतर व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो.

दुसऱ्या शहराचा बंब मदतीला आला तर होज जुळतो का?

जुळला पाहिजे, आणि यावरून मोठे घात झालेत. ७ फेब्रुवारी १९०४ ला अमेरिकेत बाल्टिमोरला आग लागली, वॉशिंग्टन आणि इतर शहरांतून मदत धावत आली, पण त्यांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. तीस तासांच्या आसपास आग चालली, पंधराशेवर इमारती गेल्या. त्यानंतर तिकडे आट्यांचं राष्ट्रीय मानक आलं. तरी २० ऑक्टोबर १९९१ ला कॅलिफोर्नियात ओकलंडच्या डोंगरावर आग लागली तेव्हा पुन्हा तेच झालं. ओकलंडच्या हायड्रंटची तोंडं तीन इंची, बाकी सगळ्यांची अडीच इंची, आणि ॲडॉप्टर पुरेसे नाहीत. तिथलं पाणी ईस्ट बे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट या वेगळ्या संस्थेचं. आगीत वीज गेली, पंप बंद पडले, डोंगरावरच्या टाक्या रिकाम्या झाल्या. २५ माणसं गेली आणि तीन हजारांहून जास्त घरं. नंतर तोंडं बदलली.

आपल्याकडे होजच्या जोडाला आयएस ९०३ आहे, ६३ एमएमचं झटकन बसणारं कपलिंग, त्यामुळे बंबा-बंबात सहसा अडत नाही. अडतं ते जमिनीखालच्या जुन्या हायड्रंटच्या तोंडाला, जिथे प्रत्येक काळातला ठेकेदार वेगळं मॉडेल बसवून गेलाय. शेजारच्या नगरपरिषदेच्या बंबात तुमच्या गावाचा उभा पाइप आणि चावी आहे का, हे एकदा विचाराच.

लॉस एंजेलिसला २०२५ मध्ये हायड्रंट कोरडे पडले ते कोणाच्या चुकीने?

७ जानेवारीला लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात आग लागली. त्या भागाला उंचावरच्या तीन टाक्यांतून पाणी जातं, प्रत्येकीत साधारण दहा लाख गॅलन, म्हणजे ३८ लाख लिटर. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत तिन्ही संपल्या. मागणी नेहमीच्या चौपट, आणि ती सलग पंधरा तास. जवळचा सांता इनेझ जलाशय, ४४ कोटी लिटरचा, झाकणाच्या दुरुस्तीसाठी रिकामा ठेवलेला होता, यावरून खूप ओरड झाली आणि ती समजण्यासारखी आहे. पण घरगुती पाण्याचं जाळं हे दोन-चार घरांच्या आगीच्या हिशोबाने बांधलेलं असतं, हजारो घरं एकदम पेटली, त्यात जळालेल्या घरांचे तुटलेले नळ वाहत राहिले, तर कुठल्याच टाक्या पुरणार नाहीत. मला यातून घ्यायचा मुद्दा वेगळा वाटतो. जलाशय, टाकी, लाइन दुरुस्तीला बंद असेल तर ते फायर स्टेशनच्या फळ्यावर त्याच दिवशी लिहिलेलं हवं. आपल्याकडे "उद्या पाणी येणार नाही" हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर येतो, फायर स्टेशनला कोण कळवतं?

हायड्रंटवरच्या रंगाचा आणि आकड्यांचा अर्थ काय?

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी टोपीच्या रंगावरून पाणी किती मिळेल ते कळतं. निळा म्हणजे मिनिटाला दीड हजार गॅलन किंवा जास्त, हिरवा हजारच्या वर, केशरी पाचशेच्या वर आणि लाल त्याहून कमी. इंग्लंडमध्ये भिंतीवर पिवळी पाटी असते, तिच्यावर एच, वरचा आकडा पाइपचा व्यास मिलिमीटरमध्ये, खालचा आकडा पाटीपासून हायड्रंट किती मीटरवर ते. ही पाटी मला फार आवडते. खर्च एका पत्र्याचा, आणि रस्ता कितीदाही खणला तरी भिंत तिथेच राहते.

आमच्या रस्त्याचं काँक्रीट झालं आणि झाकण गायब झालं. तक्रार कुठे करायची?

दोन्हीकडे, एकाच पत्रात, एकाच दिवशी, आणि रस्ता करणाऱ्या खात्याला तिसरी प्रत. एकालाच लिहिलं तर तो दुसऱ्याकडे पाठवतो, माझं पत्र असंच सात महिने फिरलं आणि मधे पावसाळा येऊन गेला. पत्रात जुना फोटो असेल तर लावा, नसेल तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जागा लिहा, "अमुक दुकानाच्या उंबऱ्यापासून बारा फूट" अशी. काम चालू असतानाच पकडता आलं तर सगळ्यात उत्तम, कारण ओल्या काँक्रीटमध्ये झाकण वर उचलून घेणं अर्ध्या दिवसाचं काम आहे, नंतर ब्रेकर आणावा लागतो आणि नवीन रस्ता फोडायला कोणी सही करत नाही. पेव्हर ब्लॉकचं त्या मानाने सोपं, पण तिथे ब्लॉक झाकणावरूनच बसवतात.

टँकरवाले हायड्रंटवरून पाणी भरतात, ते चालतं का?

नाही. त्याने व्हॉल्व्हचे आटे जातात, कारण ते मिळेल त्या पान्याने फिरवतात. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात पोरं हायड्रंट उघडून भिजतात, तिथे लोकांनी फायर स्टेशनवर जाऊन फवाऱ्याची टोपी लावून घ्यायची सोय केलीय. उघडा हायड्रंट मिनिटाला हजार गॅलनच्या वर पाणी सांडतो, टोपी लावली की पंचवीस. बंदी घालून न थांबणाऱ्या गोष्टीला वाट काढून दिलीय.

आगीला वापरलेल्या पाण्याचं बिल कोण भरतं?

इंग्लंडमध्ये आग विझवायला, हायड्रंट तपासायला आणि सरावाला लागणारं पाणी फुकट, कायद्यानेच. आपल्याकडेही बऱ्याच राज्यांच्या कायद्यांत आगीसाठी वापरलेल्या पाण्याचे पैसे घेऊ नयेत असं आहे. खरा वाद दुरुस्तीच्या पैशाचा असतो. इंग्लंडमध्ये हायड्रंट पाणी कंपनी बसवते आणि सांभाळते, पण खर्च अग्निशमन दलाकडून येतो. आपल्याकडे बजेटमध्ये हे हेड कुठल्या खात्यात आहे ते शोधा. दोन्ही खात्यांत सापडलं नाही तर हायड्रंट बंद का आहे त्याचं उत्तर मिळालं.

सोसायटीच्या आवारातला लाल हायड्रंट पण पाणीखात्याचा का?

नाही, तो तुमचा. त्याला तुमच्या टाकीतून, तुमच्या पंपाने पाणी येतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो चालू ठेवणं मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी, आणि लायसन्सवाल्या एजन्सीकडून तपासून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचा. कमिटीच्या मीटिंगमध्ये फॉर्म नको, प्रत्यक्ष पंप चालू करून गच्चीवर पाणी येतंय का ते दाखवा म्हणावं. आणि गेटजवळ बंबाने पाणी आत ढकलायची जी तोंडं असतात त्यांच्यासमोर गाडी लावू देऊ नका.

हायड्रंट तपासायचा कोणी आणि कधी?

दोघांनी मिळून. फायरवाले उघडून फ्लो मोजतात, पाणीखातं दुरुस्ती करतं. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला स्फोट झाला, ६६ अग्निशमन जवान गेले, त्यांच्या आठवणीत देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. त्या आठवड्यात प्रात्यक्षिकं होतात, मुलांना बंब दाखवतात, छान असतं ते. माझी मागणी आहे की त्याच आठवड्यात प्रत्येक वॉर्डातले हायड्रंट उघडून बघा. एप्रिलमध्ये पाण्याची टंचाई असते म्हणून लोक नको म्हणतात, पण म्हणूनच तो महिना बरोबर, लाइनीत वर्षातलं सगळ्यात कमी प्रेशर तेव्हाच असतं, त्या दिवशी जो आकडा मिळेल तो खरा. आणि निघालेलं पाणी टँकरमध्ये घ्या, वाया कशाला घालवायचं. दुसरी तपासणी दिवाळीच्या आधी.

एक सामान्य माणूस म्हणून मी काय विचारू?

माहिती अधिकारात, दोन्ही खात्यांना सारखेच प्रश्न. गावात एकूण हायड्रंट किती आणि कुठे. शेवटची तपासणी कोणत्या तारखेला, किती चालू निघाले. चाव्या आणि उभे पाइप कोणाकडे, किती. रात्री पाणी वळवायचं असेल तर फोन कोणाला. दोन उत्तरं आली की शेजारी ठेवा. आमच्या गावात एका खात्याने ४१ हायड्रंट कळवले आणि दुसऱ्याने २६. आता आम्ही पाचजण रविवारी सकाळी चावीवाल्या काकांना बरोबर घेऊन उरलेले पंधरा शोधतोय, आत्तापर्यंत सहा सापडलेत, त्यातला एक कापडबाजारातला तो.